जोगकाकांच्या माव्याची सोय

काका,

तुम्ही गेलात त्या सकाळी काकूंनी फोनवर तुमचं एका वाक्यात उरकलं. "गेले गं, खुर्चीतच." आणि लगेच पुढे, "तू येतेस का? डॉक्टर येऊन गेला, मुलाला कळवलंय, बाकी सगळं बघता येईल. पण त्या किड्यांना काय खायला घालायचं ते मला कळत नाहीये."

मी आले. सत्यनारायणापासून नऊ महिने मी तुमच्याशी धड बोलले नव्हते, आणि तुमच्या घरी पाऊल टाकलं ते तुम्ही नसताना. मागच्या काचेच्या खोलीत, काँझर्व्हेटरीत, तुमचा दिवा टायमरवर नेहमीप्रमाणे लागलेला होता. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. खाली ब्रॉड बीन्सच्या रोपांच्या आठ कुंड्या, प्रत्येकीवर काकूंच्या जुन्या ऑर्गंडीच्या साडीची शिवलेली पिशवी, आणि आत तुमचा मावा. हिरवा, गुबगुबीत, आणि तुमच्या जाण्याचं काडीचंही दुःख नसलेला.

"मलाच का बोलावलंत?" मी विचारलं.

"तू आतड्यांचं काम करतेस ना," काकू म्हणाल्या.

मी हॉस्पिटलात एंडोस्कोपीची सिस्टर आहे, हे खरं आहे. माणसांच्या. पण पांढऱ्या साडीतल्या बाईशी त्या दिवशी वाद कोण घालणार? खरं तर साडी पांढरी नव्हतीच, काकूंनी वर तुमचा गार्डनिंगचा स्वेटर घातला होता. मी पिशव्या उचलून आत डोकावले.

कुंड्यांशेजारी तुमची वही. "गुरुवारी बी भिजवणे. ओल्या ब्रशने उचलणे. अंगावर श्वास सोडू नये, टपाटप खाली पडतात." हे शेवटचं मी मानलं नाही आणि एक मोठा सुस्कारा सोडला. चाळीसएक मावे झाडावरून एकदम खाली. कोणी जनावर झाडासकट आपल्याला खाणार असं समजून ते उड्या टाकतात, हे तुम्ही मला अलॉटमेंटवर, आपल्या भाड्याच्या भाजीच्या वाफ्यांवर, सांगितलं होतंत. मी त्यांना गुडघ्यावर बसून एकेक करून ब्रशने परत चढवलं. काकू म्हणाल्या, "अकरा वर्षं हेच चाललं होतं. एका बाईची ही सगळी लेकरं, एकही पुरुष मधे नाही, आणि ह्या घरातला एकमेव पुरुष त्यांची उठबस करणार. माझा चहा मात्र मीच करायचा."

मला वाटलं होतं, आठवडाभर बघू आणि मग काय ते करून टाकू. तुमच्या भाषेत नव्हे, माझ्या भाषेत. साबणाचं पाणी. पण तिसऱ्या दिवशी ग्लासगोहून ऋतुजाचा फोन आला. नागपूरची मुलगी, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. तुमच्या माव्यातली एक कुंडी तुम्ही तिला चार वर्षांपूर्वी दिली होतीत आणि माव्याच्या आतड्यात पाणी कुठून कुठे जातं यावर तिचं सगळं काम त्याच वंशावर झालेलं. हिवाळ्यात त्यांच्या वाढीच्या खोलीचं हीटिंग बंद पडलं आणि तिचे सगळे मेले. आता जगात तो वंश उरला होता तो कॉव्हेंट्रीत, तुमच्या दिव्याखाली.

"दुसरा मावा चालणार नाही का? माझ्याकडे अलॉटमेंटवर भरपूर आहे," मी म्हटलं.

"काकू, चार वर्षांचे सगळे रीडिंग्ज ह्याच लाइनचे आहेत. शेवटचा एकच एक्सपेरिमेंट राहिलाय. दुसऱ्यावर केला तर पहिल्यापासून सगळं परत करावं लागेल. फंडिंग संपतंय, व्हिसा संपतोय." मग जरा थांबून, "आमची रूम सहा आठवड्यांनी दुरुस्त होईल. तोपर्यंत जगवाल का? प्लीज?"

म्हणून सहा आठवडे. सगळ्या कुंड्या मी गाडीत घालून माझ्या डायनिंग रूममध्ये आणल्या. सुधीरने जेवणाच्या टेबलाकडे बघितलं, बायकोच्या तोंडावरच्या सर्जिकल मास्ककडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्यासाठी कधी लावला नाहीस."

काका, मी माव्याची शत्रू आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपली ओळखच त्यावर झाली. माझा प्लॉट तुमच्या प्लॉटला लागून. मी पंप घेऊन बीन्सवर साबणाचं पाणी मारत होते आणि तुम्ही कुंपणावरून ओरडलात, "थांबा! आधी बघा तरी कोणाला मारताय!" आणि खिशातून भिंग काढलंत. मला वाटलं, झाडावर एखादं दुर्मीळ फुलपाखरू बसलंय. तुम्ही मला माव्याचं ढुंगण दाखवलंत.

नंतर सगळा उन्हाळा तुम्ही शिकवत राहिलात आणि मी तण काढत राहिले. मावा झाडाचा जो रस पितो तो त्याच्या स्वतःच्या रक्तापेक्षा कितीतरी गोड. मला तुम्ही मोरंब्यावरून समजावलं होतंत. आंब्याच्या फोडींना साखर लावली की त्यांना पाणी सुटतं. मावा म्हणजे ती फोड, आणि साखर त्याच्या पोटात. पीत पीत तो आतून सुकून मरायला हवा. मरत नाही, कारण आतड्यात तो साखरेचे सुटे कण जोडून लांब माळा करतो. माळा झाल्या की कणांची संख्या कमी, म्हणजे पाण्यावरची ओढ कमी. नको ती साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर, आणि शेवटच्या आतड्यातलं पाणी पुन्हा पुढे पोटाकडे.

"आणि लॅव्हेंडरवर फेस करून बसतो तो किडा?" तुम्ही विचारलंत. मी विचारलं नव्हतं. "त्याचं उलटं. तो पितो ते जवळजवळ पाणीच. म्हणून त्याच्या आतड्याचं पुढचं टोक आणि मागचं टोक एकत्र बांधलेलं असतं. पाणी भिंतीतून आरपार सरळ मागच्या दाराने बाहेर, कामाचा माल तेवढा लांबच्या रस्त्याने आत. फिल्टर चेंबर! तुमच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात असं काही आहे का?"

"आहे. रिसेप्शनिस्ट."

तुम्ही इतके हसलात की भिंग बटाट्यांत पडलं.

आपला वाद मग ठरूनच गेला. तुमचं म्हणणं, माणसाचं आतडं म्हणजे गबाळं काम. आत काय चाललंय ते बघायचं तर आधी चार लिटर औषध पाजून धुवावं लागतं. माझं म्हणणं, माझं आतडं वडापाव, व्हिस्की आणि नणंदेचा टोमणा एकाच संध्याकाळी पचवतं. तुमच्या किड्याला नेहमीचं झाड नाही मिळालं तर तो उपाशी मरतो. यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "एकच गोष्ट खाऊन तू पंधरा दिवस राहून दाखव." मी म्हणायचे, लग्नाआधी हॉस्टेलवर राहिले आहे.

असे आपण सहा उन्हाळे भांडलो. सातव्यात मी तो सत्यनारायण घातला.

किचन वाढवून घेतलं म्हणून पूजा होती. मराठी मंडळातली पस्तीस माणसं, दारात बुटांचा ढीग, आणि एरवी बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारे, शनिवारी सोवळं नेसणारे आपले गुरुजी. पंचामृताला मध कमी पडला. तुम्ही जर्मनीहून आणून दिलेली बाटली कपाटात होती. काळसर, दाट, झाडांचं चित्र असलेली. मी ती ओतली. पूजा झाली, आरती झाली, तीर्थ वाटलं. तुम्ही तुमचं तीर्थ चाटलंत, डोळे मिटलेत आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "अरे वा! माझा मध वापरलास! यात फुलातला एक थेंब नाही बरं का. पाइनवरचे किडे रस पितात, त्यांच्या मागून जे गोड बाहेर पडतं ते मधमाश्या गोळा करतात. सगळं त्यांच्या आतड्यातून आलेलं!"

तुम्ही खूश होऊन सगळ्यांकडे बघत होतात. गुरुजींची पळी हवेत थांबली. एक वहिनी तोंडावर पदर धरून नव्या सिंककडे धावल्या. सिंकचं उद्घाटन ते. आणि माझी लेक रिया, जिला आपण मराठीत बोल म्हणून जीव नकोसा करतो, ती त्या शांततेत स्पष्ट मराठीत म्हणाली, "आई, म्हणजे आधी किड्याचा पॉटी, आणि मग माशीचा उलटी?"

गुरुजींनी बाजू सांभाळायचा प्रयत्न केला. "शास्त्रात मध म्हटलंय, कुठला ते म्हटलेलं नाही," वगैरे. तुम्ही मदतीला गेलात. "अगदी बरोबर! दूध तरी कुठून येतं?" त्यानंतर आणखी दोघांनी तीर्थ खाली ठेवलं.

लोक गेल्यावर मी तुम्हाला किचनमध्ये गाठलं. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"अगं, मला वाटलं तुला माहीत आहे. लेबलवर लिहिलंय की."

"जर्मनमध्ये!"

"चित्रात एकही फूल नाहीये," तुम्ही म्हणालात, खऱ्याखुऱ्या आश्चर्याने. मला तेच सहन झालं नाही. तुम्ही खजील झाला असतात तर मी दोन दिवसांत विसरले असते. मंडळाच्या ग्रुपवर दोन महिने मला लोक विचारत होते, ताई, ढेकणाचं तूप मिळेल का. मी तुमचे फोन घेतले नाहीत. अलॉटमेंटवर तुम्ही टोपी उचललीत, मी बादली उचलली. शेवटी शेवटी तुम्ही टोपी उचलणंही सोडलंत. मी ते पाहिलं आणि बटाटे खणत राहिले.

आता माव्याचं सांगते.

पहिले दोन गुरुवार नीट पार पडले. मधेच तुमचे अंत्यसंस्कार झाले, कारण इथे मेल्यावरही वेटिंग लिस्ट असते आणि तुमचा नंबर अठराव्या दिवशी लागला. गुरुजी मंत्र संपवून खाली उतरले आणि मला हळूच म्हणाले, "मावा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे.

तिसऱ्या गुरुवारी मी शहाणपणा केला. तुमच्या वहीत लिहिलं होतं, बी एक रात्र भिजवून मातीत टोचणे. मला ते अर्धवट वाटलं. वालाला मोड काढतात तसं मी बी भिजवलं, उपसलं, ओल्या फडक्यात घट्ट बांधलं आणि ओव्हनमध्ये दिव्याच्या उबेला ठेवलं. दोन दिवसांनी फडकं सोडलं तर आत बुळबुळीत लगदा आणि असा वास, की सुधीर ड्रेनवाल्याचा नंबर शोधायला लागला. नवीन रोपं नाहीत, जुनी झाडं माव्याने पिऊन पिवळी पडलेली. मी सरळ अलॉटमेंटवर गेले, माझ्या बीन्सची चार रोपं मुळासकट उपटली, नळाखाली धुतली आणि पिशव्यांत बसवली.

आठ दिवसांनी पानांवर काही मावे हलेनात. फुगलेले, गोल, टणक, कागदी पिशवीच्या रंगाचे. मी फोटो काढून ऋतुजाला पाठवला. तिचा फोन मिनिटात.

"काकू, ह्या ममी आहेत, आतून खाल्लेली नुसती टरफलं. किती आहेत?"

"चौदा."

मग तिने सांगितलं. एक बारीकशी गांधीलमाशी असते, चिलटाएवढी. माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. माझ्या अलॉटमेंटच्या रोपावरून आली असणार. आता बाकीच्यांपैकी कोणाच्या पोटात अंडं आहे ते वरून कळत नाही. कळेपर्यंत आठवडा जातो, आणि तोपर्यंत नव्या माश्या बाहेर. "सगळी कॉलनी गेली, काकू," असं म्हणून ती रडायला लागली.

"रडू नकोस. माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात अंडं असतं का?"

"नाही. माशीने नंतर टोचलं तरच."

"आईच्या पोटात असलं तरी पिल्लाला नाही?"

"नाही..."

"मग झालं की. ठेव फोन."

काका, एंडोस्कोप पेशंटच्या आतून बाहेर आला की आमच्याकडे एक नियम आहे. घाण खोली, स्वच्छ खोली, आणि मधे वाट एकाच दिशेची. घाण बाजूची वस्तू धुतल्याशिवाय स्वच्छ बाजूला जात नाही, आणि गेलेली परत येत नाही. तीस वर्षं मी हे पोरींना ओरडून शिकवलंय. डायनिंग रूम झाली घाण बाजू. रिया युनिव्हर्सिटीत, तिची वरची खोली झाली स्वच्छ बाजू. वेगळा एप्रन, वेगळा ब्रश, दारात हात धुणे. सुधीरला जिना बंद. त्यातल्या त्यात टवटवीत अशा बारा माद्या निवडल्या, प्रत्येकीला झाकणाच्या प्लॅस्टिक कपात एका पानावर एकटीला ठेवलं. रात्रीतून त्या व्यायल्या. अंडी नाहीत, कोष नाहीत, सरळ चालती पिल्लं, उलट्या बाजूने बाहेर येणारी. सकाळी ड्यूटीआधी पिल्लं ब्रशने उचलली, वर नेली, लगद्यानंतर दुकानातून बी आणून बंद खोलीत उगवलेल्या चार रोपांवर सोडली.

उरलेल्यांचं सांगणं भाग आहे. तुमच्या अकरा वर्षांच्या वंशातल्या तीनेकशे बायका मी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या. सुधीर म्हणाला, "मटार कुठले ते लिहून ठेव." मी लिहिलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस," आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, कारण सांगणार कसं.

मग दहा दिवस वाट बघायची. रोज सकाळी साडेपाचला मास्क लावून, तुमचं भिंग घेऊन, एकेक पान. एक जरी फुगलेला दिसला असता तर त्या मुलीची चार वर्षं संपली होती, आणि माझ्या चार रोपांपायी. सातव्या दिवशी एक मादी बघत होते. तिने मागची बाजू वर केली, टोकाला काचेसारखा थेंब आणला, क्षणभर धरला, आणि मागच्या पायाने लाथ मारून लांब उडवला. पान कोरडं. अंग कोरडं. काका, मी या धंद्यात आयुष्य काढलंय. इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही. हा मुद्दा तुम्हाला दिला. फिल्टर चेंबरचा नाही दिला, त्यावर माझं अजून म्हणणं आहे.

दहावा दिवस गेला. एकही फुगला नाही.

ऋतुजा शनिवारी ट्रेनने आली, मटण नेतात तसला कूल बॉक्स घेऊन. लहानखुरी, झोप न झालेली. तिने भिंगातून चारही झाडं तपासली, मोजले, पुन्हा मोजले. एकशे नऊ. "क्लीन आहेत," ती म्हणाली आणि रियाच्या पलंगावर बसली. मी तिला पोहे दिले. दोन बशा खाल्ल्या तिने. काकू आल्या होत्या. त्यांनी बॉक्समध्ये एक ऑर्गंडीची पिशवी जास्तीची घातली, लागली तर असू दे म्हणून.

स्टेशनवर सोडायला मी गेले. बॉक्स मांडीवर धरून ती म्हणाली, "सरांची आणि तुमची फार जवळची मैत्री असणार ना, काकू?"

"नाही. आमचं भांडण होतं."

"मग एवढं का केलंत?"

मी म्हटलं, "ट्रेन चुकेल तुझी." सोमवारी तिचा मेसेज आला. पोचले, सगळे चिकटून पीत आहेत, गुरुवारपासून काम सुरू.

तिचा प्रश्न मात्र राहिला. तिला उत्तर देण्यापेक्षा तुम्हाला देते.

पेशंटचं आत काय ते बाहेर बोलू नये, हा नियम मी पाळते. पण तुम्ही स्वतःच तुमच्या तपासणीचे फोटो मंडळात सगळ्यांना दाखवत फिरलात, तेव्हा आता माझा इलाज नाही. मार्चमध्ये रक्त कमी आलं म्हणून तुम्हाला आमच्याकडे पाठवलं. त्या दिवशी स्टाफ कमी होता आणि खोलीत मीच होते. मी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. "कसली ॲलर्जी?" "रागाची." मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. गुंगीचं औषध तुम्हाला नको होतं, स्क्रीन बघायचा होता. कॅमेरा आत गेल्यावर तुम्ही कुशीवर पडल्या पडल्या इंग्रजीत लेक्चर सुरू केलंत, की इथे माव्याचं पाणी परत पुढे वळतं, आणि आमचा कन्सल्टंट कॅमेरा तिथेच थांबवून ऐकत राहिला.

मग डाव्या बाजूचं वरचं वळण आलं. तिथे सगळ्यांनाच दुखतं. तुमचं लेक्चर बंद पडलं. मी हात धरला. थोड्या वेळाने तुम्ही मराठीत, स्क्रीनकडेच बघत, म्हणालात, "हात धरलास. म्हणजे मिटलं का आपलं?"

मी म्हटलं, "श्वास घ्या. हात मी सगळ्यांचाच धरते. कामाचा भाग आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात.

नंतर चहा-बिस्किट द्यायला मी दुसऱ्या पोरीला पाठवलं. आत काही निघालं नाही, तुम्ही खुशीत घरी गेलात, आणि मे महिन्यात हृदयाने दगा दिला, ज्याच्याकडे मी बघतच नव्हते.

काका, मी बोलले ते खरं होतं. सगळ्यांचाच धरते. पण एका हाताने. त्या वळणावर दुसऱ्या हाताने पेशंटचं पोट बाहेरून दाबून धरायचं असतं, म्हणजे नळी पुढे जाते. त्या दिवशी कन्सल्टंट म्हणाला, "सिस्टर, प्रेशर." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "सिस्टर, प्रेशर, प्लीज." मी ऐकलं होतं. माझे दोन्ही हात तुमच्या हाताभोवती होते. तीस वर्षांत मला कोणाला दोनदा सांगावं लागलं ते तेवढंच.